काळा पक्षी ओळखायचा कसा? क्युबाच्या तोतीपासून आपल्या रानातल्या कोतवालापर्यंत

रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की आमच्या औसा तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गाऱ्हाणं असतं: "काळी पाखरं पडायलीत रानात." कोणती काळी, असं विचारलं तर उत्तर येतं, "काळी म्हणजे काळी! त्यात आणि कोणती काय?" मला हे उत्तर पुरत नाही. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला कोणतं पाखरू हाकलायचं आणि कोणत्या पाखराला बसायला काठी रोवून द्यायची, हे कळलंच पाहिजे. त्यासाठी पुस्तकं पाठ करावी लागत नाहीत, बघण्याचा एक क्रम लागतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तिथं लेकरांना ज्या रीतीनं शिकवते, त्याच रीतीनं इथं सांगते. मोठ्या माणसांनाही ती तितकीच लागू पडते.

सुरुवात मात्र रानातून करायची नाही. सुरुवात क्युबापासून करायची.

कारण असं की लेकरांना तारेवरचा कोतवाल दाखवला की ती "कोतवाल" म्हणतात आणि मोकळी होतात. नाव आलं की डोळे थांबले. म्हणून ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही असा पक्षी मी आधी समोर ठेवते. त्याची शेपूट कशी, चोच कशी, डोळा कसा, हे सांगितल्याशिवाय लेकरांना पुढं जाताच येत नाही. याला सगळ्यात चांगला पक्षी म्हणजे तोती. क्युबा सोडून जगात दुसरीकडे तो कुठंच राहत नाही. १८३९ साली द'ऑर्बिन्यी या फ्रेंच निसर्गतज्ज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याचं शास्त्रीय नाव टिलोक्सेना ॲट्रोव्हायोलेशिया. दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. जंगलाच्या कडेला, शेतात, बागेत, हवाना शहरातल्या झाडांवर, सगळीकडे दिसणारं हे घरोब्याचं पाखरू आहे. क्युबाही आपल्यासारखाच उष्ण प्रदेश, कर्कवृत्ताच्या जरा खाली. ऊस तिथंही आहे आणि लातूरकडंही आहे. तिथलं रोजचं जेवण भाताचं.

आणि मला हा पक्षी निवडावासा वाटला तो क्युबातल्या एका म्हणीमुळं. तिथं म्हणतात, सगळेच पक्षी भात खातात, दोष मात्र तोतीच्या माथी. ही म्हण मी वर्गात सांगते तेव्हा एखादं तरी लेकरू हमखास म्हणतं, "मॅडम, आमचे आबा पण काळ्या पाखरालाच शिव्या देतात." मग पुढचं शिकवायला वेळ लागत नाही.

आधी फोटो, तेही रंगाशिवाय

फोनवर कॉर्नेल विद्यापीठाची मॅकॉले लायब्ररी उघडा. जगभरच्या पक्ष्यांचे फोटो आणि आवाज तिथं बघायला-ऐकायला मिळतात, पैसे लागत नाहीत. तोतीचे चार-पाच फोटो घ्या: एक बाजूचा, एक मागून, एक उडतानाचा, एक उन्हातला. त्याच्याबरोबर क्युबातल्याच आणखी चार काळ्या पक्ष्यांचे घ्या. चिचिंग्वाको, मायितो, चकचकीत काऊबर्ड आणि ॲनी. हे सगळे फोटो गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या काळ्या-पांढऱ्यात काढून घ्या. झेरॉक्स जितकी काळपट येईल तितकी चांगली. रंग, चमक, डोळ्याचा पिवळेपणा सगळं त्यात बुडून जातं आणि नुसता आकार उरतो. मला तेच हवं असतं. पक्षी लांब असला, ऊन पाठीमागून असलं, सकाळचं धुकं असलं की रानातसुद्धा आपल्याला नुसता आकारच दिसतो.

सगळे कागद जमिनीवर पसरा आणि लेकरांना सांगा, नाव विचारायचं नाही. एकसारखे वाटतील ते एका ढिगात ठेवा. पहिल्या वेळी ढीग चुकतातच. चुकू द्या. दोन लेकरांचं भांडण लागतं, "याची शेपूट बघ की!" तिथून धडा सुरू होतो.

शेपूट सगळ्यात आधी

काळ्या पक्ष्याची शेपूट बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. तोतीची शेपूट सरळ, टोकाला जवळजवळ चौकोनी कापलेली. तिच्यात काही नखरा नाही. त्याच्या शेजारी चिचिंग्वाको ठेवा. हा ग्रॅकल नावाच्या लांबशेपट्या काळ्या पक्ष्यांपैकी एक. तो क्युबाशिवाय जमैका, हिस्पॅनिओला, प्वेर्तो रिको आणि केमन बेटांवरही आहे, आणि क्युबात तोतीबरोबर एकाच झाडावर, एकाच थव्यात सापडतो. तोही काळा, तोही चमकदार, अंगानं जवळपास तेवढाच. पण त्याची शेपूट लांब, आणि मधली पिसं खाली दबून कडेची वर आलेली. मागून बघितलं तर इंग्रजी व्ही दिसतो.

हे शब्दांनी सांगून लेकरांना कळत नाही. मी वहीचा एक कोरा कागद देते, मधोमध हलकी घडी घालायला लावते आणि कडा थोड्या वर उचलून मागून बघायला सांगते. मग तोच कागद सपाट करून टोक कात्रीनं सरळ कापायला लावते. दोन्ही कागद हातात धरून परत झेरॉक्सचे ढीग बघितले की निम्मे पक्षी आपापल्या जागी जातात. एक सावधानी: चिचिंग्वाकोच्या मादीची घडी नरापेक्षा उथळ असते. तेव्हा घडी खोल दिसली तर निर्णय घ्या, उथळ वाटली तर पुढच्या खुणेकडे वळा.

ॲनीची शेपूट तर लांब, ढिली, कुणीतरी घाईनं लावल्यासारखी. ती ओळखायला लेकरांना अर्धा मिनिट पुरतो.

मग चोच, मग डोळा

तोतीची चोच जाड, मजबूत, टोकाकडे किंचित वळलेली. चिचिंग्वाकोची त्याहून लांब. काऊबर्डची आखूड आणि शंकूसारखी, दाणे फोडायला सोयीची, आणि तो पक्षीही लहान, साधारण १९ सेंटिमीटरचा. ॲनीची चोच बघून लेकरं ओरडतातच, कारण ती वरच्या बाजूनं उंच कण्यासारखी उचललेली असते. हा ॲनी कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या कोकीळ आणि भारद्वाजाचा नातलग. तोती, चिचिंग्वाको, मायितो आणि काऊबर्ड हे मात्र इक्टेरिडी कुळातले, आणि ते कूळ फक्त अमेरिका खंडांत आणि तिथल्या बेटांवर आहे. आपल्याकडे त्यातला एकही नाही. म्हणजे तोती दिसायला कोतवालासारखा असला तरी त्यांचं काडीचं नातं नाही. काळेपणा म्हणजे नातं नव्हे, हे लेकरांच्या मनात इथं पक्कं बसतं.

डोळ्यासाठी झेरॉक्स बाजूला ठेवा आणि फोनवर रंगीत फोटो उघडा. तोतीचा डोळा गडद. वयात आलेल्या चिचिंग्वाकोचा डोळा पिवळा, लांबूनही लखलखतो. ही खूण इतकी सोपी आहे की सगळे तिच्यावरच विसंबतात, आणि तिथंच फसगत होते. चिचिंग्वाकोच्या पिल्लांचा डोळा पिवळा नसतो. पिल्लाला तोती म्हणून मोकळं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून वर्गात माझा नियम आहे: एका खुणेवर नाव द्यायचं नाही. दोन खुणा जुळल्या तर पेन्सिलीनं लिहा, तीन जुळल्या तर शाईनं.

मायितोच्या खांद्यावर पिवळट-तपकिरी डाग असतो. पण बसलेला असताना तो डाग बहुतेक पिसांखाली झाकला जातो आणि सगळा पक्षी काळाच दिसतो. उडाला की डाग दिसतो. त्याचा एक भाऊबंद क्युबाच्या दलदलीत, सापाता नावाच्या पाणथळीत राहतो. त्याच्या नराचा खांदा लाल असतो, मादी मात्र नखशिखान्त काळी. नर-मादी दोघं काळे असतात की एकच, हेही म्हणून बघायचं. तोतीची नर-मादी दोन्ही काळी, मादीची चमक तेवढी कमी.

रंग सगळ्यात शेवटी

तोती काळा आहे का? उन्हात बघितला तर तो जांभळ्या झाकेचा आहे. सावलीत गेला की पुन्हा काळा. ही झाक रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अगदी सूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, काही किरण एकमेकांना मिळून जोर धरतात, काही एकमेकांना मारतात, आणि आपल्या डोळ्याला जांभळं किंवा निळं दिसतं. पक्ष्यानं अंग वळवलं की कोन बदलतो आणि झाक नाहीशी होते. तेव्हा दोन फोटोंत एकाच पक्ष्याचा रंग वेगळा दिसला तर घाबरू नका.

याचा पुरावा बघायला क्युबात जायची गरज नाही. शाळेच्या आवारात जास्वंदीवर शिंजीर येतो. सावलीत तो कोळशासारखा काळा दिसतो. उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. लेकरांना तिथंच उभं करा आणि तो सावलीतून उन्हात येईपर्यंत थांबा. हा पाठ फळ्यावर होत नाही.

आवाज ऐकायचा, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही

झेनो-कँटो नावाच्या संकेतस्थळावर तोतीचे आवाज आहेत. "ती-ओ, ती-ओ" अशी एकसारखी हाक तो मध्येमध्ये देतो. शिवाय शिट्ट्यांसारखे, धातूवर घासल्यासारखे किती तरी प्रकार. काही तर चिचिंग्वाकोशी जुळतात. आवाज ऐकून लेकरांना तो अक्षरांत लिहायला सांगा. प्रत्येकाचं वेगळं येतं आणि ते ठीकच आहे. लिहिताना कान उघडे राहतात.

मोबाइलवर मर्लिन नावाचं ॲप आहे, तेही कॉर्नेलचंच. घरी वायफायवर एकदा भारताचा संच उतरवून ठेवला की रानात नेटवर्क नसलं तरी चालतं. आवाज ऐकून ते नाव सुचवतं. मी ते वापरते, पण लेकरांच्या हातात शेवटी देते. आधी स्वतःचं उत्तर वहीत, मग ॲपचं. कोतवालाच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. तो शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी टाकलेला किडा हा उचलतो. नुसतं ऐकून "शिक्रा आलाय" म्हणाल तर फसाल.

आता रानात चला

आमच्याकडे यासाठी सगळ्यात चांगला दिवस येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात असतात. ज्वारीच्या धाटांची कोप केलेली असते, भज्जी-आंबील-उंड्यांचं जेवण असतं, दुपारी मोठी माणसं कोपीच्या सावलीला टेकतात. लेकरांना बांधावर बसवायला याहून चांगली दुपार मिळत नाही. ज्वारी कुठं निसवलेली असते, कुठं हुरड्यात आलेली असते. हरभरा फुलात-घाट्यात असतो. पाखरं भरपूर असतात.

तोच क्रम धरा, मध्ये बसायची जागा आणि सोबतीची पाखरं एवढं वाढवा. शेपूट, चोच, डोळा, बसायची जागा, सोबत, आवाज, रंग.

कोतवालाची शेपूट खोल दुभंगलेली, दोन्ही टोकं बाहेर वळलेली. तोतीची सरळ शेपूट हातानं कापलेली असल्यामुळं लेकरांना हा फरक सांगावा लागत नाही. कोतवाल साधारण ३० सेंटिमीटरचा. लांबी तोतीच्या जवळपास जाते, पण कोतवालाच्या लांबीत शेपटीचाच वाटा मोठा. डोळा लालसर. चोचीच्या कोपऱ्याशी एक बारीक पांढरा ठिपका असतो, तो जवळून दिसला तर शंका उरत नाही. बसायची जागा: विजेची तार, बाभळीचं वाळकं टोक, चरणाऱ्या म्हशीची पाठ. तिथून तो हवेत झेप घेतो, किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. झेप आणि परत, हे एकदा बघितलं की शंभर पावलांवरूनही कोतवाल ओळखता येतो.

गेल्या येळवशीला शेजारच्या रानातल्या आबांनी मला विचारलं, "बाई, ते म्हशीवर बसतंय ते काळं, ते कणसातलं खात नाही म्हणता, मग खातंय काय?" मी म्हटलं, "आबा, दहा मिनिटं नुसतं बघा. कणसावर बसलं तर मला सांगा." आबा बघत बसले. कोतवाल म्हशीच्या पायांनी उडालेल्या नाकतोड्यांवर झेपावत राहिला. थोड्या वेळानं आबाच म्हणाले, "हे तर औताच्या मागं पण असंच करतंय की." आबांनी ते आयुष्यभर बघितलेलं होतं. फक्त कणसाच्या चोरीशी जोडलेलं होतं.

कोतवालाचं मुख्य खाणं किडे. नाकतोडे, पतंग, वाळव्या, अळ्या. पळस-पांगारा फुलला की मधही पितो. मधमाश्याही पकडतो, तेव्हा ज्यांच्याकडे मधपेट्या आहेत त्यांची तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ज्वारीचा दाणा हे त्याचं खाणं नाही. इथं तो तोतीहून वेगळा ठरतो. तोती किडे, फळं, फुलांतला मध, लहान सरडे खातो आणि दाणाही खातो. क्युबातल्या शेतकऱ्याचा तोतीवरचा राग सगळाच खोटा नाही, तो एकट्यावर निघतो एवढंच चूक आहे. आपल्या कोतवालावरचा राग मात्र पुरताच चुकीच्या दारात जातो.

बाकीचे काळे पक्षी भराभर सांगते. नर कोकीळ: सगळा काळा, डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट, शेपूट लांब पण दुभंगलेली नाही, दाट झाडात लपून फळं खाणारा. त्याची मादी तपकिरी आणि ठिपक्यांची, म्हणून जोडी एकत्र दिसली तरी लोक दोन वेगळे पक्षी समजतात. कोकीळ आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालतो, आणि क्युबातला काऊबर्डही दुसऱ्यांच्या घरट्यांतच घालतो. दोन कुळं, दोन खंड, धंदा एक. भारद्वाज: पंख विटकरी, त्यामुळं गोंधळ नको. चीरक: चिमणीएवढा, शेपूट सतत उभी, शेपटीखाली विटकरी डाग, बांधावरच्या दगडांत. गप्पीदास: लहान, काळा, पंखावर आणि शेपटीच्या मुळाशी पांढरं, तुरीच्या शेंड्यावर बसणारा, तोही किडेखाऊ. डोमकावळा सगळा काळा, गावकावळ्याची मान राखाडी. नदीकाठी, तेरणेच्या किंवा मांजरेच्या पाण्यावर काळं काही पंख पसरून वाळवत बसलेलं दिसलं तर तो पाणकावळा.

मग कणसं खातंय कोण?

इथं घाई करू नका. सकाळी ऊन पडल्यावर पहिला तास आणि संध्याकाळी शेवटचा तास, असे दोन वेळा बसा. माळ्यावर नको, माळ्यावर माणूस दिसला की पाखरं दूर जातात. कोपीत किंवा झाडाच्या बुंध्याला टेकून, अंगात मळकट कपडे घालून बसा. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची पुरते. नसेल तरी काही अडत नाही. वहीत तीन रकाने करा: काय दिसलं, कुठं बसलं, चोचीत काय होतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो पक्षी कणीस खातो असं लिहायचं नाही. थवा कणसांवरून नुसता उडत गेला तरी लोक त्याला चोर ठरवतात, म्हणून हा रकाना मी सोडत नाही.

नंतर कणसं बघा. राघू कणीस कुरतडतो आणि खातो त्याहून जास्त खाली सांडतो. ताटाखाली दाण्यांचा चुरा पडलेला असला तर राघूचा संशय घ्या. चिमण्या, सुगरणी, मुनिया कणसाला लटकून दाणे टिपतात.

आणि लांबून "काळी पाखरं" दिसतात तो प्रचंड थवा कोणाचा? बहुतेक वेळा भोरड्यांचा. भोरडी मध्य आशियाकडून हिवाळ्याला येते आणि उन्हाळा चढायच्या आत परत जाते. तिचं डोकं, पंख आणि शेपूट काळी, अंग गुलाबी. हजारोंचा थवा आभाळाच्या उजेडासमोर वळला की गुलाबी दिसतच नाही, सगळं काळंच दिसतं. त्यातली लहान पाखरं तर मळकट तपकिरी असतात. ज्वारीवर हीच तुटून पडते. तीही नुसती चोर नाही. टोळ आणि नाकतोडे ती मोठ्या प्रमाणात खाते. पण हुरड्याच्या दिवसांत तिच्यापासून राखण करावीच लागते, हे मी शेतकऱ्याच्या घरची म्हणून सांगते.

राखण म्हणजे हाकलणं. डबा वाजवा, गोफण हवेत फिरवून आवाज करा, चमकणाऱ्या फिती बांधा, बुजगावणं दर दोन दिवसांनी जागेवरून हलवा. पाखरं एकाच जागी उभ्या बुजगावण्याला लवकर सरावतात. जाळं लावून पाखरं धरू नका. जाळं राघू आणि कोतवालात फरक करत नाही, आणि रानपाखरं धरणं-मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे.

कोतवालाला बसायला जागा द्या

हरभऱ्यात घाटेअळी पडते तेव्हा कोतवाल, साळुंकी, गप्पीदास हे आपल्या बाजूनं काम करतात, पण त्यांना उंचावर बसायला काही लागतं. हरभरा गुडघ्याएवढाही होत नाही. म्हणून इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवायच्या. बाभळीची किंवा तुराटीची काठी चालते. पिकापेक्षा हात-दीड हात उंच ठेवा, आडवी काठी घट्ट बांधा, हलली तर पाखरू बसत नाही. आम्ही एकरी दहाच्या आसपास रोवतो, पीक फुलात यायच्या आधीच. दुसरी सोपी रीत जुन्या माणसांचीही आणि कृषी सल्ल्यातलीही आहे: हरभरा पेरताना बियाण्यात थोडी ज्वारी मिसळायची. मधूनमधून उगवलेली ज्वारीची ताटं आपोआप पाखरांची बसकण होतात.

ज्या रानात दाण्याचं पीक भरात आहे तिथं मात्र अशा काठ्या नकोत. तिथं त्या राघूलाही सोयीच्या होतात. हरभऱ्यातही कोणत्या काठीवर कोण बसतं ते लेकरांना लिहून ठेवायला सांगा. काठीखालची विष्ठाच सांगते कोणती काठी वापरात आहे. जी कोरडी राहते ती उपटून दुसरीकडे रोवा.

पावसाळ्यासाठी एक सूचना

हे सगळं जमलं असं वाटायला लागलं की जून उजाडतो आणि लेकरं धावत येतात, "मॅडम, कोतवालासारखं आहे पण पोट पांढरं आहे!" ते कोतवालाचं पिल्लू. पहिल्या वर्षात त्याच्या पोटावर पांढरट खवले-खवले दिसतात, शेपटीचा दुभंग उथळ असतो आणि डोळा अजून लाल झालेला नसतो. त्याला नवीन नाव देऊ नका. जवळपासच्या तारेवर लक्ष ठेवा. पुरती दुभंगलेली शेपूट असलेला एखादा कोतवाल चोचीत किडा घेऊन त्याच्याकडे येतो का ते बघा, आणि आला तर शाईनं लिहा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. त्या दिवसांत कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्यालाही पळवून लावतो, माणसाच्या डोक्यावरही झेपावतो. बांधावरूनच बघा, तिथून सगळं नीट दिसतं.